एका पेटीच्या दोन पेट्या

पेटी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कुणाला भजनातली बाजाची पेटी आठवेल. कुणाला लग्नात आलेली पत्र्याची पेटी आठवेल. आजच्या पाठातली पेटी तिसरीच आहे. ती आवाजाची पेटी आहे. तिच्या पोटात वीज जाते आणि तोंडातून आवाज बाहेर येतो.

आम्ही शाळेत मास्तरकी केली, पुढे हेडमास्तर झालो आणि निवृत्त झालो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. विजेच्या कामातलं आम्हांला काही कळत नव्हतं. तरी हा पाठ आम्ही लिहीत आहोत, कारण या पेटीनं आम्हांला एक धडा शिकवला. तो धडा वाचनाचा आहे. म्हणून तो तुमच्याही कामाचा आहे.

पेटी कसली होती?

आमचं गाव पैठणच्या वाटेवर आहे. गावात एक कलापथक आहे. नाथमहाराजांची भारुडं, गवळणी, पोवाडे असा त्याचा कार्यक्रम असतो. ढोलकी आहे, झांज आहे, बाजाची पेटी आहे. दोन वर्षांमागे पथकातल्या एका पोरानं बेस गिटार आणली.

बेस गिटार म्हणजे जाड तारांची गिटार. तिला बहुधा चार तारा असतात. तिचा आवाज खर्जातला. मृदंगाच्या डाव्या अंगावर थाप पडली की छातीत घुमतं ना, तसा. म्हाताऱ्या मंडळींनी आधी नाकं मुरडली. पण भारुडाच्या ठेक्याला तिची साथ मिळाली, तेव्हा तीच मंडळी माना डोलवू लागली.

ही गिटार नुसती वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तिला मशीन लागतं. मंडळानं वर्गणी काढून एक जुनं मशीन विकत घेतलं. अशा मशीनला कॉम्बो म्हणतात. कॉम्बो म्हणजे एकाच पेटीत दोन वस्तू. वरच्या खणात ॲम्प्लिफायर, खालच्या खणात स्पीकर. वजन तीस किलोच्या घरात. म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्तच.

ही पेटी उचलायला दोन माणसं लागत. एस.टी.त चढवताना कंडक्टरची बोलणी खावी लागत. एकदा पोरानं घाईघाईत एकट्यानं उचलली. कंबरेत उसण भरली. पंधरा दिवस पोरगा शेतात जाऊ शकला नाही. घरचे म्हणाले, "पुरे झालं ते वाजवणं!"

त्यात आणखी भर पडली. शेजारच्या गावात भारूड रंगात आलं होतं. मध्येच मशीन खर्र खर्र करू लागलं आणि बंद पडलं. पुढचा कार्यक्रम महिन्यावर आला होता. सुपारी घेऊन झाली होती. आता काय करायचं?

गुलमंडीची वाट

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी नावाची जुनी बाजारपेठ आहे. जुनी माणसं शहराला अजून औरंगाबाद म्हणतात. शहराचं नाव सरकारी कागदोपत्री २०२३ साली बदललं. पैठण दरवाजाकडून टिळक पथानं आत गेलं की गुलमंडी येते. तिथला सुपारी हनुमान सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाजूच्या एका बोळात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री बसतात. दुकान लहान, पण हात चांगला.

आम्ही तिघं निघालो. आम्ही, तो पोरगा आणि पथकात झांज वाजवणाऱ्या मावशी. मावशी मंडळाच्या खजिनदार आहेत. पैशांची पिशवी त्यांच्याजवळ असते. गावात आम्ही रात्रीचा वर्ग घेतो. त्यात दोन वर्षांपूर्वी मावशींनी पहिल्यांदा पाटी हातात धरली. आता त्या पावती वाचल्याशिवाय एक रुपया सोडत नाहीत.

मिस्त्रींनी पेटीची मागची फळी काढली. बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, मशीन मेलेलं नाही. हादरून हादरून सोल्डर सुटलंय."

फुटक्या भांड्याला डाग देतात, तसाच तारेच्या जोडाला कथलाचा डाग देतात. त्याला सोल्डर म्हणतात. तो डाग हलला की वीज कधी जाते, कधी अडते. म्हणून खर्र खर्र आवाज येतो.

"आता डाग देतो," मिस्त्री म्हणाले, "पण वर्षभरात पुन्हा सुटेल. त्यापेक्षा एका पेटीच्या दोन करा. मशीन वेगळं, स्पीकर वेगळा."

पेटी का हादरते?

आम्ही विचारलं, "वेगळं करून काय होईल?" मिस्त्रींनी समजावून सांगितलं. ते तुम्हीही ध्यानात घ्या.

ॲम्प्लिफायरचं काम वीज वाढवण्याचं. गिटारीतून येणारी वीज अगदी बारीक असते. ॲम्प्लिफायर ती मोठी करून पुढे पाठवतो. स्पीकरचं काम हवा ढकलण्याचं. स्पीकरमध्ये एक लोहचुंबक असतो. त्यात तारेचं वेटोळं असतं. वेटोळ्याला कागदाचा पडदा जोडलेला असतो. वीज आली की वेटोळं पुढेमागे हलतं. त्याबरोबर पडदा हलतो आणि हवा हलते. तोच आपल्याला आवाज ऐकू येतो. आजच्या पद्धतीचा असा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी पुढे आणला.

बेस गिटारची सगळ्यांत जाड तार एका सेकंदात सुमारे ४१ वेळा थरथरते. म्हणजे पडदाही तितक्या वेळा पुढेमागे जातो. त्याबरोबर सारी पेटी थरथरते. तीन तासांच्या कार्यक्रमात असे किती हिसके बसत असतील, याचा तुम्हीच हिशोब करा. हे सगळे हिसके वरच्या खणातल्या मशीनला बसतात. स्क्रू ढिले होतात. डाग सुटतात.

"गुरुजी, तुमच्याकडे विहिरीवर मोटर असते ना?" मिस्त्रींनी विचारलं. "आणि तुषार कुठं असतात?"

"शेतात," पोरगा म्हणाला.

"मग मोटर उचलून तुषाराजवळ कोणी ठेवतं का? मोटर विहिरीवर, तुषार शेतात, मध्ये पाइप. इथंही तसंच करायचं. मशीन एकीकडे, स्पीकर एकीकडे, मध्ये वायर."

सुट्या मशीनला बाजारात 'हेड' म्हणतात आणि स्पीकरच्या पेटीला 'कॅबिनेट' म्हणतात. ही युक्ती काही नवी नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यानं १९५१ साली विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. १९५२ साली तिच्यासाठी 'बेसमन' नावाचं मशीन काढलं. तेही आधी एकपेटीच होतं. पुढे १९६०-६१ च्या सुमारास त्यांनी त्याच मशीनच्या दोन पेट्या केल्या. अँपेग नावाच्या दुसऱ्या कारखान्यानं १९६० साली वेगळीच तऱ्हा काढली. त्यांचं मशीन वाजवताना पेटीच्या वर बसे आणि काम झालं की उलटं होऊन पेटीच्या पोटात जाई. म्हणजे ओझ्याची आणि हादऱ्याची अडचण त्यांनाही होतीच.

आमची जुनी चूक

मिस्त्रींचं म्हणणं आम्हांला पटलं. दुकानात कोपऱ्यात एक जुनी स्पीकरपेटी पडली होती. रंग चांगला, जाळी चांगली, भावही परवडणारा. आमच्या मनात आलं, दोन पेट्या होणारच आहेत, तर ही तिसरीही घेऊ. मशीनला दोन स्पीकरपेट्या जोडू. आवाज मैदानभर जाईल. आम्ही मावशींना म्हणालो, "काढा पैसे."

मावशींनी पिशवी उघडली नाही. त्या म्हणाल्या, "थांबा गुरुजी. मागल्या खेपेसारखं व्हायला नको."

मागल्या खेपेची गोष्ट सांगायला आम्हांला आजही लाज वाटते. पण लपवून उपयोग नाही. काही वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहात भाड्याचं मशीन आणलं होतं. त्याला एक स्पीकर होता. आवाज मागच्या माणसांना जाईना. आम्ही पुढे होऊन सांगितलं, "आणखी दोन जोडा." कुणी कुरकुर केली, तर म्हणालो, "आम्ही सांगतो ना!" जोडले. अर्ध्या तासात जळका वास आला. मशीनमधून धूर निघाला. भाड्याच्या मशीनची भरपाई सप्ताहाच्या वर्गणीतून द्यावी लागली. शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादात भाजी एकच झाली.

त्या मशीनच्या पाठीवर पाटी होती. पाटीवर आकडा होता. आम्ही मॅट्रिक झालेलो, हजारो पोरांना आकडे शिकवलेले. पण पाटी वाचायचं आम्हांला सुचलं नाही.

घोड्याच्या नालेची खूण

मावशींनी आता मिस्त्रींना विचारलं, "दादा, ह्या पाटीवर काय लिहिलंय ते दाखवा."

मिस्त्रींनी मशीनच्या पाठीवर बोट ठेवलं. तिथं इंग्रजी अक्षरं होती. मावशींना इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी आकडे त्यांना येतात, कारण ते नोटेवर असतात, मोबाइलवर असतात. त्या म्हणाल्या, "हा चारचा आकडा. त्याच्यापुढं ही खूण कसली? घोड्याच्या नालेसारखी?"

"मावशी, तीच तर वाचायची खूण. तिला ओहम म्हणतात."

वाचकहो, ही खूण तुम्हीही ओळखायला शिका. घोड्याची नाल उभी धरा, तोंड खाली. खालची दोन्ही टोकं थोडी बाहेर वळवा. झाली ओहमची खूण. जर्मनीतल्या ओहम नावाच्या शिक्षकानं १८२७ साली विजेचा एक नियम छापून प्रसिद्ध केला. त्याच्या नावावरून हे माप पडलं.

ओहम म्हणजे अडथळ्याचं माप. पाटातलं पाणी आठवा. पाटाला एक अरुंद दार असेल तर पाणी कमी वाहतं. दार रुंद केलं तर जास्त वाहतं. विजेचंही असंच. ओहम जास्त म्हणजे अडथळा जास्त, वीज कमी वाहते. ओहम कमी म्हणजे अडथळा कमी, वीज जास्त वाहते.

आमच्या मशीनवर लिहिलं होतं, कमीत कमी ४ ओहम. म्हणजे अडथळा चारपेक्षा खाली गेला तर वीज जास्त वाहील, मशीन तापेल आणि जळेल. आमच्या पेटीतल्या स्पीकरवर आकडा होता ८. कोपऱ्यातल्या पेटीवर आकडा होता ४.

आम्ही मनात बेरीज केली. आठ आणि चार बारा. बारा म्हणजे चारपेक्षा पुष्कळ जास्त. मग भीती कसली?

मिस्त्री म्हणाले, "इथं बेरीज नाही चालत, गुरुजी. पाटाला एक दार आहे. शेजारी दुसरं दार पाडलं. आता पाणी जास्त जाईल की कमी?"

"जास्त," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे अडथळा कमी झाला. दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले की अडथळा कमीच होतो. दोघांतला जो लहान आकडा, त्याच्याही खाली जातो. एवढा एक नियम ध्यानात ठेवा."

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ आणि चार. लहान आकडा चार. म्हंजे दोन्ही जोडले तर चारच्याही खाली जाणार. आन् मशीनवर लिहिलंय, चारच्या खाली नको. मग ही पेटी आपल्या कामाची नाही!"

मिस्त्री हसले. "बरोबर, मावशी."

आम्ही वहीवर हिशोब केला. आठ गुणिले चार बत्तीस. आठ अधिक चार बारा. बत्तीस भागिले बारा, म्हणजे पावणेतीनलाही थोडं कमी. मग सप्ताहातला हिशोबही करून पाहिला. तिथं आठ ओहमचे तीन स्पीकर होते. आठ भागिले तीन. तेच उत्तर आलं! त्या दिवशी आम्ही तीच चूक पुन्हा करणार होतो, तीही पैसे देऊन.

मग दुसरी पेटी घ्यायची तर कोणती? ८ ओहमची. आठ-आठच्या दोन पेट्या शेजारी जोडल्या की अडथळा निम्मा होतो. म्हणजे ४. आमच्या मशीनला ४ चालतो. पैसे जमतील तेव्हा तशी पेटी घ्यायची असं ठरलं. त्या दिवशी पिशवीची गाठ सुटली ती फक्त कामाच्या पैशासाठी.

काम कसं झालं?

काम दोन हातांत वाटून दिलं. विजेचं काम मिस्त्रींचं, लाकडाचं काम आमच्या गावच्या सुताराचं. ते पुढीलप्रमाणे झालं.

पहिलं काम, लिहून ठेवणं. एकही वायर काढण्याआधी मिस्त्रींनी पोराला वहीत चित्र काढायला लावलं. कोणती वायर कुठं जाते, तिचा रंग कोणता, स्पीकरच्या कोणत्या टोकावर लाल खूण आहे, हे सगळं लिहिलं. मोबाइलवर फोटोही काढले. उघडताना सोपं वाटतं, जोडताना डोकं फिरतं. लिहिलेलं असलं की फिरत नाही.

दुसरं काम, मशीन बाहेर काढणं. मशीन लोखंडी पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं असतं. त्या खोक्याला चेसिस म्हणतात. चेसिसचे बोल्ट काढताना एकानं खालून हात धरला, कारण आत ट्रान्सफॉर्मर असतो. तो भारी असतो. सगळं वजन त्याच्या बाजूला कलतं.

तिसरं काम, मशीनसाठी नवी पेटी. सुतारानं १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची पेटी केली. चेसिसच्या चारही अंगांना थोडी मोकळी जागा ठेवली. मशीन तापतं. तापलेली हवा वर जाते. म्हणून पाठीला आणि वरच्या अंगाला झरोके ठेवले. घराला खिडकी नसेल तर माणूस गुदमरतो, तसंच मशीनचंही आहे. चेसिस लाकडाला नुसत्या स्क्रूनं नाही, नट-बोल्टनं आवळलं. खाली रबराचे पाय लावले. मूठ मधोमध लावली नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला थोडी सरकवून लावली. म्हणजे उचलताना पेटी तिरकी होत नाही.

जुन्या पेटीत चेसिसच्या उघड्या बाजूसमोर एक पातळ पत्रा ठोकलेला होता. सुतार म्हणाला, "हा कशाला? टाकून देऊ." मिस्त्रींनी टाकू दिला नाही. तो पत्रा बाहेरची घूं घूं अडवतो. नव्या पेटीतही तो तसाच बसवला. कुठल्याही वायरीला तो टेकत नाही ना, हे तपासून घेतलं.

चौथं काम, स्पीकरची पेटी. मशीन काढल्यावर वरचा खण रिकामा झाला. आमच्या पेटीत दोन खणांच्या मध्ये फळी होती, हे बरं झालं. स्पीकरच्या पाठीमागे जेवढी हवा असते, तिच्यावर आवाज ठरतो. घागर नळाखाली धरा. पाणी भरत जातं तसा आवाज बदलत जातो, कारण आतली हवेची जागा कमी होते. तसंच इथं आहे. मधली फळी कायम ठेवली म्हणून हवेची जागा तेवढीच राहिली आणि आवाजही तोच राहिला. ज्या पेटीत मधली फळी नसते, तिथं जुन्या मापाचा विचार करून फळी बसवावी लागते.

सुतारानं वरचा रिकामा खण कापून टाकला. पेटी बुटकी झाली. मधल्या फळीला वायर जाण्यासाठी भोक होतं. ते बुजवलं. फळी पातळ होती, म्हणून तिच्यावर १८ मिलिमीटरचं प्लायवूड सरस लावून बसवलं आणि चार-चार बोटांवर स्क्रू मारले. पेटीच्या तोंडाकडे एक मोठं गोल भोकही होतं. सुतार तेही बुजवायला निघाला. मिस्त्री म्हणाले, "हां, हां! ते भोक कारखान्यानं मुद्दाम ठेवलंय. खर्जाचा आवाज त्यातून येतो."

फटी राहिल्या का, ते उदबत्तीनं पाहिलं. पोरगा जाड तार वाजवत राहिला. आम्ही जोडांपासून थोड्या अंतरावर उदबत्ती फिरवली. एका कोपऱ्यात धूर थरथरला. तिथं फट होती. ती बुजवली.

पाचवं काम, जोडणी. स्पीकरपेटीच्या पाठीवर वायर खुपसायचं एक तोंड बसवलं. त्याच्या आतून दोन वायरी स्पीकरला गेल्या. कोणतं टोक अधिक आणि कोणतं उणे, हे मिस्त्रींनी साध्या दीड व्होल्टच्या सेलवर दाखवलं. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या लाल टोकाला आणि उणे बाजू दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवली. पडदा टचकन पुढे आला. पुढे आला म्हणजे जोडणी सरळ. मागे गेला असता तर उलटी. दोन स्पीकर जोडायचे असतील तेव्हा हे पाहावंच लागतं. एक पुढे आणि एक मागे हलला तर दोघांचा खर्ज एकमेकांना खातो.

मग मिस्त्रींनी मीटर लावलं. मीटरवर आला सहाच्या आसपास आकडा. मावशी लगेच म्हणाल्या, "दादा, पाटीवर तर आठ लिहिलंय." मिस्त्री म्हणाले, "मीटर नुसत्या तारेचा अडथळा मोजतं. आठच्या स्पीकरवर मीटर असंच थोडं कमी दाखवतं. हा स्पीकर बरा आहे." तुम्हीही असा आकडा पाहून घाबरू नका. हिशोब मात्र पाटीवरच्या आकड्यानंच करा.

वायर कोणती?

इथं पुष्कळ जण फसतात. गिटारीची वायर आणि स्पीकरची वायर बाहेरून सारखीच दिसते. दोन्हींच्या टोकांना सारखीच पिन असते. पण आतून त्या वेगळ्या असतात. गिटारीच्या वायरीत मधली तार बारीक असते, कारण तिच्यातून अगदी थोडी वीज जाते. स्पीकरच्या वायरीत दोन जाड तारा असतात. मशीन आणि स्पीकर यांच्यामध्ये गिटारीची वायर लावली तर ती तापते आणि मशीनलाही धोका होतो. मिस्त्रींनी आम्हांला दीड चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर करून दिली. मावशींनी तिला लाल कापडाची चिंधी बांधली आणि चिंधीवर पेनानं लिहिलं, 'स्पीकर'. त्यांच्या हाताचं अक्षर अजून मोठं मोठं येतं. अंधारात वाचायला ते बरंच पडतं.

जिवाची काळजी

आता महत्त्वाची गोष्ट. हा पाठ वाचून कुणीही घरी मशीन उघडू नये. भिंतीतली पिन काढली तरी मशीनच्या आत वीज साठून राहते. कपॅसिटर नावाचे डबे असतात. ते वीज धरून ठेवतात. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये तर ही साठवलेली वीज चारशे-पाचशे व्होल्टपर्यंत असू शकते. बंद मशीनही माणसाचा जीव घेऊ शकतं. आतलं काम जाणत्या मिस्त्रीनंच करावं. लाकूडकाम आपलं, वीजकाम त्याचं.

व्हॉल्व्हच्या मशीनची आणखी एक गोष्ट. स्पीकर जोडल्याशिवाय ते कधी चालू करू नये. त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

तीन पिनांची वायर असेल तर तिसरी पिन तोडू नये. ती अर्थिंगची असते. चेसिसच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत नेऊन सोडणं हे तिचं काम. खेड्यात दोन भोकांच्या प्लगात बसवण्यासाठी लोक तिसरी पिन मोडतात. ते आपल्या हातानं आपलंच कुंपण मोडण्यासारखं आहे.

फ्यूज उडाला तर तितक्याच आकड्याचा दुसरा घालावा. तारेचा तुकडा घालू नये. फ्यूज पुन्हा उडाला तर मशीन काहीतरी सांगतं आहे, असं समजावं आणि मिस्त्रीकडे जावं.

आणि एक. नव्या मशीनवर गॅरंटी असते. मुदत संपण्याआधी ते उघडलं, तर गॅरंटी जाण्याचा संभव असतो. म्हणून नव्या मशीनची चिरफाड करू नये. आजकाल हलकी सुटी हेडं तयारही मिळतात. जुन्याच्या दोन पेट्या करण्याचा खर्च किती आणि तयार वस्तूचा किती, हे आधी कागदावर मांडावं. आमचं मशीन जुनं होतं, गॅरंटी संपलेली होती, लाकूड घरचं होतं. म्हणून आम्हांला हे काम परवडलं.

पुढे काय झालं?

आता मशीनची पेटी दहा किलोच्या आत आहे. पोरगा ती एस.टी.त मांडीवर घेऊन बसतो. स्पीकरपेटी वीस-बावीस किलोची आहे. तिला दोन्ही अंगांना मुठी आहेत. दोघं मिळून ती उचलतात. एकूण वजन थोडं वाढलंच, कारण लाकूड वाढलं. आवाज मात्र वाढला नाही. एकाच्या दोन पेट्या केल्यानं आवाज मोठा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फायदा आहे तो पाठीला, कंबरेला आणि मशीनच्या आयुष्याला. आम्ही मशीन स्पीकरपेटीवर ठेवत नाही. बाजूला स्टुलावर ठेवतो. म्हणजे हादरा बसत नाही.

सुटेपणाचा एक तोटाही आहे. पहिल्याच कार्यक्रमाला आम्ही दोन्ही पेट्या नेल्या आणि मधली वायर घरी विसरलो! पोरगा मोटरसायकलवर परत गेला आणि घेऊन आला. तोवर भारूड ढोलकी-झांजेवरच चाललं. तेही वाईट झालं नाही. आता एक वायर पेटीजवळ आणि एक मावशींच्या पिशवीत असते.

जोडण्याचा क्रमही मावशींनी पुठ्ठ्यावर लिहून पेटीच्या पाठीला चिकटवला आहे. आधी वायर, मग बटण. आधी आवाज शून्यावर, मग हळूहळू वर. बंद करताना आधी बटण, मग वायर. आणि शेवटची ओळ, 'रात्री दहाला बंद'. कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. काही ठराविक सणांना राज्य सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. एरवी मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची झोप आणि कायदा, तिन्ही सांभाळावे.

वाचकहो, तुम्ही नुकतंच वाचायला शिकलात. पुस्तक वाचाल, पोथी वाचाल. पण मोटरीवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, खताच्या गोणीवरचे आकडे हेही वाचत चला. आम्ही मॅट्रिक होतो, पण पाटी वाचली नाही आणि मशीन जाळलं. मावशींनी दोन वर्षांच्या शिक्षणावर पाटी वाचली आणि मंडळाचे पैसे वाचवले. आता नव्या पेटीची खरेदी मंडळानं त्यांच्यावरच सोपवली आहे. गुलमंडीला जाताना त्या आम्हांलाही बरोबर नेणार आहेत. "उचलायला माणूस लागतंय ना, गुरुजी," असं म्हणतात.

प्रश्न

१. मशीन आणि स्पीकर एकाच पेटीत असले तर मशीनला कोणता त्रास होतो?
२. ओहमची खूण कशी दिसते? ती आपल्या वहीत काढा.
३. दुकानातली ४ ओहमची पेटी मावशींनी का घेऊ दिली नाही?
४. एका मशीनवर 'कमीत कमी ८ ओहम' असं लिहिलं आहे. त्याला ८ ओहमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी जोडता येतील का? का नाही, ते सांगा.
५. गिटारीची वायर आणि स्पीकरची वायर यांत फरक काय?
६. आपल्या घरातल्या किंवा विहिरीवरच्या एखाद्या यंत्राची पाटी शोधा. यंत्र बंद असताना, हात न लावता, तिच्यावरचे आकडे वहीत उतरवून आणा. पुढच्या वर्गात आपण ते मिळून वाचू.